निर्लेखनात न आलेली अमानत

कचेरीत येणारी वस्तू आधी नोंदवहीत येते आणि मग टेबलावर, हा दंडक माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला शिकविला तेव्हा आमच्या कार्यालयात संगणक यावयाचा होता. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, एका अनुदानित महाविद्यालयात, मी १९८९ साली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो आणि कार्यालयीन अधीक्षक, म्हणजे सर्वांच्या तोंडचा ‘ओ.एस.’, या पदावरून निवृत्त झालो. या सेवाकाळात डेडस्टॉक रजिस्टर बराच काळ माझ्या ताब्यात होते. त्यात लोखंडी कपाटे होती, सायक्लोस्टाइलचे यंत्र होते, मराठी टंकलेखन यंत्रे होती, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘संगणक संच, मॉनिटर, कीबोर्ड व माऊससह, नग १’ अशी पहिली नोंद त्यात पडली. किंमत, पुरवठादार, बिलाचा क्रमांक, खरेदी समितीच्या ठरावाचा दिनांक हे सर्व त्या नोंदीत यथास्थित आहे. मात्र त्या पेटीत पुढे वर्षानुवर्षे जे साठत जाणार होते त्याला त्या वहीत रकाना नव्हता, आणि माझ्या निवृत्तीपर्यंत तो छापला गेला नाही.

जे साठते त्याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा नसते. प्रवेश घेणारा विद्यार्थी आमच्या खिडकीवर शाळा सोडल्याचा दाखला ठेवतो, जातीचा दाखला ठेवतो, तहसीलदारांच्या कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला ठेवतो, आणि अलीकडच्या काळात आधार कार्डाची व बँकेच्या पासबुकाची प्रतही ठेवतो. ही झाली नमुन्यातील माहिती. खरे नाजूक कागद नमुन्याबाहेरचे असतात. द्राक्षबाग गारपिटीत गेली, सबब शुल्क हप्त्याने घ्यावे, असा बापाचा अर्ज. पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर करू नये, अशी एखाद्या मुलीची दोन ओळींची विनंती. एखाद्या प्राध्यापकाविरुद्धची निनावी तक्रार आणि तिच्यावरील चौकशी अहवालाचा कच्चा मसुदा. कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल. वैद्यकीय रजेच्या अर्जास जोडलेले, व्याधीचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलेले प्रमाणपत्र. हे सर्व टंकलिखित होऊन अथवा स्कॅन होऊन आस्थापना आणि विद्यार्थी विभागांच्या यंत्रांत उतरत गेले. लोक हे आम्हांस विश्वासाने देतात असे समारंभातील भाषणांत म्हणतात, ते मला कधी पटले नाही. प्रवेश हवा असतो, शिष्यवृत्ती हवी असते, म्हणून देतात. न देण्याची मुभा त्यांना नसते. ज्याला नकाराचा अधिकारच नव्हता त्याची ठेव स्वखुशीने ठेवलेल्या ठेवीपेक्षा अधिक जपावी लागते, अशी माझी समजूत आहे.

कागद होता तोवर ही जबाबदारी कोणाची याविषयी संदिग्धता नव्हती. शासकीय दप्तराची जी वर्गवारी आम्हीही बहुतांशी पाळीत आलो तिच्यात ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षांचे, ‘क’चे १०, ‘क-१’चे ५ आणि ‘ड’ वर्गाचे १ वर्षाचे धनी. मुदत संपलेल्या कागदांची यादी होई, तिच्यावर प्राचार्यांची सही होई, आणि मगच गठ्ठा फोडला जाई. रद्दीवाल्यास काय द्यावयाचे आणि आपल्या डोळ्यांदेखत काय फाडावयाचे अथवा जाळावयाचे, हे जुन्या लिपिकास कोणी सांगावे लागत नसे. शिवाय कागदाचे स्वतःचे अवघडपणच त्याची राखण करीत असे. रुमालात बांधलेली दहा वर्षांची दप्तरे कोणी खिशात घालून नेऊ शकत नाही. आणि आता तितकाच मजकूर नखाएवढ्या तुकड्यावर मावतो.

संगणकाच्या निर्लेखनाची रीत मात्र खुर्चीच्या निर्लेखनाची रीत होती. समिती बसे, घसारा वजा जाता पुस्तकी किंमत नाममात्र उरली आहे असे लेखापाल सांगत, ‘दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही’ असा तंत्रज्ञाचा अभिप्राय जोडला जाई, सीलबंद दरपत्रके मागवून सर्वाधिक बोलीच्या भंगारवाल्यास माल वजनावर अथवा नगावर दिला जाई, आणि रजिस्टरात तांबड्या शाईने आडवी रेघ पडून बाजूस ठरावाचा क्रमांक येई. आत काय आहे असे कोणी विचारलेच तर दुरुस्तीवाल्याचे उत्तर तयार असे, “फॉरमॅट मारलाय साहेब.” या तीन शब्दांवर किती कार्यालयांनी आपली दप्तरे बाजारात सोडली असतील याचा अंदाज मला करवत नाही.

वस्तुस्थिती अशी की यंत्रातून एखादी फाइल काढून टाकतो तेव्हा बारनिशीतील नोंद तेवढी खोडली जाते, रुमाल फळीवर जिथल्या तिथे राहतो. विंडोज ९८च्या काळातील रचनेत तर फाइलच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलून ‘ही जागा आता मोकळी समजावी’ अशी खूण होई. पुढच्या रचनेत मुख्य तक्त्यातील नोंद ‘वापरात नाही’ अशी होते. मजकूर त्या जागी दुसरा मजकूर येईपर्यंत शाबूत असतो, आणि तो उचलून देणारी साधने बाजारात फुकट मिळतात. ‘क्विक फॉरमॅट’ने तक्ता नवा होतो, फळ्या रिकाम्या होत नाहीत. याहून फसवी गोष्ट ही की विंडोज एक्सपीमधील पूर्ण फॉरमॅटही खराब जागा तपासण्यापलीकडे मजकुरास हात लावीत नसे; सर्वत्र शून्ये लिहिण्याची रीत व्हिस्टापासून आली. तेव्हा घड्याळाकडे बोट दाखवून “दोन तास चालला होता” असे सांगणारा आमचा दुरुस्तीवाला खोटे बोलत नव्हता. त्या दोन तासांत पुसले मात्र काहीच गेले नव्हते. एक्सपीच्या यंत्रात छायाचित्रांच्या प्रत्येक कप्प्यात एक अदृश्य फाइल तयार होई आणि छायाचित्र काढून टाकले तरी त्याची लहान प्रतिमा तिच्यात शिल्लक राही. ओळखपत्रांसाठी घेतलेली मुलामुलींची छायाचित्रे ज्या यंत्रात होती त्याच्या संदर्भात हा तपशील मला समजला तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

समजला तो आमच्याच एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याने शिक्षण अर्धवट सोडून बसस्थानकासमोर संगणक दुरुस्तीचे दुकान टाकले होते आणि गावातील दुसऱ्या एका कचेरीच्या लिलावातून काही जुनी यंत्रे सुट्या भागांसाठी उचलली होती. एके दिवशी तो एक हार्ड डिस्क पिशवीत घालून माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, मी ह्यातलं काय बघितलंच न्हाई असं म्हणणार न्हाई. चालतीय का ते बघायला लावली आन् समदं भाईर आलं. वसतिगृहाचं अर्ज हायत, पोरींचं फोटू, फोन नंबर हायत. आता हे कुणाला द्यायचं ते तुमी सांगा.” त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झाले असते हा विचार मी मुद्दाम लांबवीत नाही. त्या कचेरीतील माझ्या समपदस्थास मी जाऊन भेटलो. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांनी चहा मागविला, रजिस्टर काढले, तांबडी रेघ मला दाखविली आणि म्हणाले, “निर्लेखन झालंय हो. आता तो विषय आमच्याकडे नाही.”

नियमाच्या अंगाने त्यांचे म्हणणे बिनतोड होते आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जाईना. लोखंड त्यांचे होते. ते त्यांनी विकले, पैसे भरणा केले, पावती घेतली. मुलींचे अर्ज त्यांचे कधीच नव्हते. जी वस्तू आपल्या मालकीची नाही तिचे निर्लेखन आपण करू शकत नाही, ती एक तर धन्यास परत करावयाची अथवा त्याच्या हितासाठी नष्ट करावयाची. परंतु पेटीच्या नोंदीस रेघ मारली म्हणजे पेटीतील अमानतीचाही निकाल लागला, अशी सार्वत्रिक समजूत होऊन बसली होती. ती आमच्याच मुलखात होती असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत सिम्सन गार्फिंकल आणि अभि शेलत या दोघा विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू स्थितीत होत्या आणि अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत रुग्णांची माहिती होती, खाजगी पत्रे होती, पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. याविषयीचा त्यांचा निबंध २००३च्या आरंभी प्रसिद्ध झाला, आणि मला तो त्या दुकानदार विद्यार्थ्याने पुष्कळ वर्षांनी छापून आणून दिला. ज्याने पदवी पुरी केली नाही त्याने ओ.एस.ला निबंध वाचावयास द्यावा, यातील न्याय मला आवडला.

पुढे आमच्या महाविद्यालयात ही जबाबदारी मी मागून घेतली. पुसण्याचे तंत्र शिकता येते, त्याची धास्ती मला कधी वाटली नाही. अडचण निराळीच होती आणि ती मला कोणत्याही पुस्तिकेत नीट मांडलेली आढळली नाही. यंत्र पुसावयाचे तर त्यातील ठेवण्याजोगे आधी बाजूस काढले पाहिजे. बाजूस काढावयाचे तर काय आहे ते पाहिले पाहिजे. आणि पाहू लागलो की ज्या कागदांपासून परक्या नजरा दूर ठेवावयाच्या त्यांच्यावर पहिली परकी नजर माझीच पडते. एका लिपिकाची बदली झाली होती, त्याचे यंत्र माझ्यापुढे होते, आणि त्यात शिष्यवृत्तीच्या तक्त्यांशेजारीच त्याच्या बहिणीच्या घटस्फोटाच्या दाव्याचे कागद होते. कप्प्याच्या नावावरूनच ते समजले. मी पुढे उघडले नाही. परंतु एवढे कळले तेही मला कळावयास नको होते, आणि ते विसरण्याची कोणतीही आज्ञा माणसाच्या यंत्रणेत नाही.

म्हणून मी जी तजवीज बसविली तिचा रोख एवढाच होता की पुसणाऱ्यास पाहावे लागू नये. ज्याचे यंत्र त्यानेच, नवे यंत्र टेबलावर आल्यानंतर, आपल्या खुर्चीत बसून काय न्यावयाचे ते न्यावे. कार्यालयाचे ते कार्यालयाच्या सामाईक साठ्यात, स्वतःचे ते स्वतःच्या पेन ड्राइव्हवर. इतरांनी त्या वेळी त्या टेबलाशी जाऊ नये. नेलेले नुसते नेले म्हणून चालत नाही, ते दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही ते तपासावे, कारण न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. ब्राउझरने जपून ठेवलेले परवलीचे शब्द, ई-मेलची चालू खाती, बँकेचे व विद्यापीठाचे संकेत हे त्यानेच बंद करावेत. प्राचार्यांच्या डिजिटल सहीचे टोकन यंत्रास तसेच लटकलेले राहणे हा तर आमच्याकडचा नित्याचा प्रकार होता. मग यंत्र एक परीक्षासत्रभर कुलूपबंद ठेवावे, कारण शिष्यवृत्तीच्या शंका समाजकल्याण कार्यालयाकडून फार उशिरा येतात. आणि त्यानंतर आत काय उरले आहे याची यत्किंचितही चौकशी न करता समग्र डिस्क पुसावी. हे आखणे सोपे होते. लोकांच्या गळी उतरविणे कठीण. “असू द्या की ओ.एस., कधी लागलं तर?” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की भांडारगृहाच्या मागील अंधाऱ्या खोलीत धूळ खात पडलेले सगळे सीपीयू याच वाक्याने तेथे रचले गेले आहेत अशी माझी खात्री झाली. भंगारात गेलेल्या यंत्राचा निदान लिलावाचा कागद असतो. ‘असू द्या’ म्हणून ठेवलेल्या यंत्रास कोणी वाली नसतो, आणि खिडकीचा गज तुटका असतो.

सर्वांत सबळ हरकत आमच्या इतिहास विभागप्रमुखांची होती. ते मला भर स्टाफरूममध्ये म्हणाले, “ओ.एस., पेशव्यांच्या कारकुनांना तुमची ही शिस्त असती तर सरदेसायांना पंचेचाळीस खंड छापायला कागद उरला नसता.” रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले हे खरेच आहे, आणि त्या रुमालांतील कित्येक कागद लिहिणारांनी जगाने वाचावे म्हणून लिहिलेले नव्हते हेही खरे. या हरकतीस माझ्याजवळ पुरे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो की पेशवाईतील माणसांना आता शेजारच्या बँकेत नोकरीचा अर्ज करावयाचा नाही, आमच्या मुलांना करावयाचा आहे. आणि प्रवेशाचे मूळ रजिस्टर ‘अ’ वर्गात आहे, ते कोणी नष्ट करीत नाही. त्याच्या टेबलोटेबली झालेल्या, जबाबदारी कोणाचीच नसलेल्या प्रती तेवढ्या जात आहेत.

त्यांना हवे होते ते वाजवी होते. कोणत्या गावांतून, कोणत्या समाजांतून, घराण्यातील पहिला पदवीधर होण्यासाठी मुले केव्हा येऊ लागली, याचा तक्ता त्यांना करावयाचा होता, आणि १९९० नंतरच्या दशकातील ती माहिती सुटसुटीत स्वरूपात जुन्या यंत्रातच होती. नावांचा स्तंभ वगळून तक्ता द्यावा असे ठरले. तो देण्यापूर्वी सहज नजर टाकली तेव्हा ध्यानात आले की नाव वगळून काहीच लपलेले नाही. ज्या गावातून त्या वर्षी विज्ञान शाखेस एकच मुलगी आली होती, त्या गावाच्या ओळीत तिची जात, वडिलांचे उत्पन्न आणि मिळालेले गुण ओळीने मांडलेले होते, आणि ती कोण हे सांगण्यास साऱ्या पंचक्रोशीतील कोणासही नावाची गरज नव्हती. शेवटी गावे मोडून तालुके केले आणि उत्पन्नाचे गट पाडले, तेव्हा कोठे तो तक्ता देण्याजोगा झाला. प्राध्यापकमहाशय कुरकुरले, इतिहास गावात घडतो, तालुक्यात नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. तेही खोटे नव्हते.

दुसरा प्रसंग मराठीच्या एका प्राध्यापकांच्या यंत्राचा. ते सेवेत असतानाच गेले. यंत्र महाविद्यालयाचे, परंतु त्यांनी आसपासच्या खेड्यांतून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या त्याच यंत्रात होत्या, आणि त्याच यंत्रात विद्यार्थ्यांचे प्रबंध, नियामक म्हणून आलेली पत्रे, एका नेमणुकीसंबंधीचे गोपनीय शेरेही होते. त्यांच्या पत्नी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, ह्यांचं असेल ते द्या. दुसऱ्या कुणाचं असेल ते मला नको.” ही वाटणी इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणत्याही परिपत्रकाने सांगितली नव्हती. विभागातील एका सहकाऱ्याला व त्यांना शेजारी बसवून मी केवळ कप्प्यांची नावे वाचीत गेलो. त्या हो अथवा नाही म्हणत गेल्या. ओव्यांच्या फाइली नव्या यंत्रावर उघडल्या तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसला, कारण त्या युनिकोडपूर्व काळातील, पुण्याच्या सी-डॅकच्या प्रणालीतील सुरेख या टंकात लिहिलेल्या होत्या आणि तो टंक नव्या यंत्रात नव्हता. टंक बसविल्यावर ओव्या दिसल्या. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार ठिकठिकाणी मोडले, ते सहकाऱ्याने हाताने दुरुस्त केले. त्या वेळी कार्यालयातील एकजण उत्साहाने म्हणाला की जुने फॉन्ट असतील तर पुसण्याची गरजच काय, कोणास वाचता येणार? श्रीलिपी, आकृती, सुरेख यांच्या प्रती गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे आजही आहेत, हे त्यास सांगावे लागले.

प्रत्यक्ष पुसण्याच्या बाबतीत लोकांची श्रद्धा आणि तंत्र यांत बरेच अंतर आढळले. दुकानदार विद्यार्थ्याच्या मदतनिसाने पस्तीस वेळा पुसण्याचा आग्रह धरला. त्याचे मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६च्या एका निबंधात आहे; त्या काळच्या निरनिराळ्या चुंबकीय लेखनपद्धती ध्यानात घेऊन त्यांनी ३५ आवर्तने सुचविली होती, आणि आधुनिक डिस्कला ती सगळी करण्यात अर्थ नाही असे पुढे स्वतःच स्पष्ट केले. आमच्या चाळीस व ऐंशी जीबीच्या फिरत्या डिस्कना सर्व जागेवर एकदा लिहिणे आणि लिहिले गेले की नाही ते तपासणे पुरेसे होते. तरीही पस्तिसांचा मोह लोकांना सुटत नाही, कारण संख्येत पुण्य वाटते. ज्या डिस्क चालूच होत नव्हत्या त्यांच्यावर काही लिहिता येणे शक्य नव्हते. त्या शेजारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत नेऊन ड्रिलखाली धरल्या. टेबलावरच्या यंत्रांतील तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या, त्यांना मुकाट छिद्रे पडतात. लॅपटॉपमधील कित्येक तबकड्या काचेच्या असतात आणि त्या एकदम फुटून चुरा होतात, म्हणून डोळ्यांस चष्मा हवा. हे आमच्या शिपाई मामांना आधी सांगितले होते. त्यांनी ऐकले, आणि निमित्त साधून नवा चष्मा मंजूर करून घेतला.

नव्या सॉलिड स्टेट डिस्कनी हे सर्व शहाणपण पुन्हा मोडीत काढले. त्यांत एकाच जागी वारंवार लिहिल्यास ती जागा झिजते, म्हणून आतील नियंत्रक प्रत्येक वेळी निराळ्याच जागी लिहितो, आणि काही जागा तर वापरणाऱ्यास न दाखविता राखून ठेवतो. परिणामी वरून शून्ये लिहिली तरी जुना मजकूर कोपऱ्यात उरू शकतो. अशा डिस्कला उत्पादकाने तिच्यातच ठेवलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा द्यावी लागते, किंवा पहिल्या दिवसापासून सर्व मजकूर कूटबद्ध ठेवून शेवटी केवळ किल्ली नष्ट करावी लागते. मला दुसरी रीत अधिक पसंत पडली, कारण तिच्यात निरोपाची व्यवस्था आगमनाच्या दिवशीच केलेली असते. मात्र ती किल्ली प्रत्येकाने आपापल्या डायरीत लिहून ठेवली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून ती लखोट्यात सीलबंद करून प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवू लागलो.

आणि झेरॉक्सचे यंत्र. संगणकाकडे सर्वांचे लक्ष असते, याच्याकडे कोणाचेही नसते. कार्यालयांतील मोठ्या डिजिटल यंत्रांत बहुधा हार्ड डिस्क असते आणि नक्कल केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. न्यूयॉर्कमधील ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याची अशी यंत्रे न पुसता परत केली, तेव्हा ३,४४,५७९ जणांची माहिती धोक्यात आली असावी असा हिशेब निघाला आणि २०१३ साली तिला १२ लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. हे वाचून मी आमच्या भाड्याच्या यंत्राचा करारनामा काढून पाहिला. टोनर, ड्रम, वार्षिक देखभाल यांच्यावर पानेच्या पाने होती, डिस्कचे नाव नव्हते. नूतनीकरणाच्या वेळी एक कलम घालून घेतले. पुरवठादाराचा प्रतिनिधी चकित झाला. असे कलम आजवर कोणी मागितले नव्हते, म्हणाला.

कायद्याचे पाठबळ या कामास हळूहळू येत गेले. केंद्र शासनाच्या दप्तरांपुरता असलेला १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकातून निघालेल्या सामग्रीसही अभिलेखच समजतो; म्हणजे ती नष्ट करण्यास अधिकार लागतो, हे तत्त्व पेटी नव्हे तर आतील मजकूर ध्यानात घेऊनच लिहिलेले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्यात सुरक्षिततेची तजवीज न ठेवणारास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. हा आकडा मी कार्यालयाच्या बैठकीत वाचून दाखविला तेव्हा जे गांभीर्य पसरले ते मुलींच्या अर्जांची हकीकत सांगून कधी पसरले नव्हते. मला त्याचे वाईट वाटले नाही. भीतीनेही काम होते.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार असे जाहीर झाल्याने माझ्या सेवेच्या अखेरच्या काळात बरीच यंत्रे एकदम बदलावी लागली. निर्लेखनाच्या नमुन्यास आम्ही एक पुरवणी कागद जोडला होता: डिस्कचा अनुक्रमांक, पुसण्याची रीत, दिनांक, पुसणाऱ्याची आणि साक्षीदाराची सही. लेखापरीक्षकांनी तो पाहिला, याची मागणी नसता जोडला कशास असे विचारले, आणि नस्तीत राहू दिला. डिस्क काढून घेतल्यामुळे भंगाराचा भाव नगामागे थोडा उतरला. त्यावर मात्र लेखी खुलासा द्यावा लागला.

हे सर्व मार्गी लागेपर्यंत कामाची जागाच सरकली होती. आता विद्यार्थी दाखल्यांची छायाचित्रे लिपिकाच्या स्वतःच्या मोबाइलवर, व्हॉट्सॲपवर पाठवितात. खिडकीवर रांग लागत नाही म्हणून तेही खूश आणि आम्हीही. तो मोबाइल लिपिकाने स्वतःच्या पगारातून घेतलेला, त्याची नोंद आमच्या कोणत्याही रजिस्टरात नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी तो दुकानात देऊन नवा घेताना त्यासाठी समिती बसत नाही. निवृत्तीच्या आधी या विषयावर मी एक सविस्तर टिप्पणी प्राचार्यांपुढे ठेवली. कार्यालयासाठी वेगळा फोन अथवा ई-मेलचा पत्ता असावा, वैयक्तिक फोनवर आलेले कागद ठराविक मुदतीत काढून टाकल्याची नोंद घ्यावी, असे तीत सुचविले होते. तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला आहे. नस्ती माझ्या जागी आलेल्या बाईंच्या ताब्यात दिली, पोच घेतली. चर्चा अजून व्हावयाची आहे असे परवाच त्यांनी मला व्हॉट्सॲपवर कळविले.